तीन बोटांची ताटली

तानाबाईच्या पोटात काही राहत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, हे तानाबाईला सकाळी कळलं की दुपारपर्यंत पार गंगावेशीच्या चौकाला कळलेलं असायचं. अशा बाईनं एक गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली. नको तिथं बोलायची सवय असलेल्या माणसानं नको तिथं गप्प बसावं, याला काय म्हणावं?

गोष्ट ताटलीची. शेजारच्या शशिधरचं लग्न झालं आणि निपाणीची दानेश्वरी सून म्हणून आली, ते साल १९९६. शशिधर लिंगायताच्या घरचा, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस. घरात तो आणि त्याची आई बसव्वा. दानेश्वरीनं माहेरी असताना बेकिंगचा क्लास केला होता. मैद्याची पारी ताटलीत पसरायची, त्यात गोड नाहीतर तिखट सारण भरायचं, वर दुसरी पारी झाकून कडा दाबायच्या आणि भट्टीत खरपूस भाजायचं. क्लासच्या वहीत त्याला 'पाय' असं लिहिलं होतं. पण पाहुण्याला "या, पाय खायला" असं कुठल्या तोंडानं म्हणणार? तेव्हा ज्यात भाजायचं त्याचंच नाव पदार्थाला पडलं. गूळखोबऱ्याची ती गोड ताटली आणि भाजीची ती तिखट ताटली.

दानेश्वरीकडं कृती होती, पण भट्टी नव्हती. ती तानाबाईच्या नवऱ्यानं केली. तिचा नवरा गुंडू हा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे करणारा मोल्डर होता. तेलाच्या जुन्या बॅरलला आतून विटा लावून, खाली कोळशाला जागा ठेवून त्यानं आपल्या परसात भट्टी उभी केली. मग ॲल्युमिनियमच्या सोळा ताटल्या ओतून आणल्या, आठ शेजारच्या घराला आणि आठ आपल्या घराला. सगळ्या एकाच साच्यातल्या. एक झाकावी आणि दुसरी काढावी इतक्या सारख्या.

बसव्वा तेव्हा सत्तरीकडं झुकली होती. जन्मभर तपकीर ओढून नाक कामातनं गेलं होतं, पण जीभ पक्की होती. आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी सुनेला ऐकून घ्यावं लागायचं. पहाटे आंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. अंडं तिनं कधी हातातही धरलं नव्हतं. मराठ्याच्या परसातल्या भट्टीत आपल्या घरचं भाजायचं, तर तिच्या अटी होत्या. आमच्या ताटल्या आमच्या घरात राहतील. आमचा वार शुक्रवार, तुमचा रविवार. आणि आमच्या प्रत्येक ताटलीवर विभूतीसारखी तीन बोटं ओढायची, म्हणजे आंधळ्यालाही कळेल की ही कुणाची. दानेश्वरीची बोटं बारीक, तिच्या रेघा भाजल्यावर दिसेनाशा व्हायच्या. तानाबाईचा हात कष्टाचा, तिची तीन बोटं ठसठशीत उमटायची. म्हणून रेघा ओढायचं काम आपोआप तिच्याकडं आलं. आपल्या घरच्या ताटलीवर ती सुरीनं फुली मारायची.

काही महिने हे सुरळीत चाललं. दानेश्वरी तिला मावशी म्हणू लागली आणि मावशीपेक्षा जास्त मानू लागली. घरात सासू, तिची अत्ती, बोलायची, नवरा बोलायचा नाही. दोन्हीकडनं कोंडी झालेली ती पोर शुक्रवारी परसात येऊन मोकळी व्हायची.

मग १९९७च्या फेब्रुवारीतला तो रविवार आला. तानाबाईची लेक वर्षाराणी नव्या नवऱ्याला घेऊन हुपरीहून यायची होती. जावई येणार म्हटल्यावर मटण आलंच. गुंडू सकाळीच जाऊन खिमा घेऊन आला. तेवढ्यात दानेश्वरी धावत आली. तिचा भाऊ न कळवता निपाणीहून आला होता आणि बहिणीच्या हातची ताटली खायची म्हणत होता. एका दिवशी दोन्ही घरांच्या ताटल्या कधी झाल्या नव्हत्या. तानाबाई बसव्वाला विचारायला गेली.

"आव्वा, एकच दिवस. आधी तुमच्या भाजून काढते, मग माझ्या घालते."

बसव्वानं तपकिरीची चिमूट ओढली. "पोरीच्या भावाचं तोंड बघून व्हय म्हणते. पर ध्यान ठेव ताने. तुझ्या हातावर सोडते मी."

दानेश्वरीनं त्या दिवशी तिखट सारणात सोयाबीनचा चुरा घातला होता. बाजारात तेव्हा ते नवीन होतं आणि शिजल्यावर थेट खिम्यासारखं दिसायचं. तानाबाईनं आठही ताटल्यांवर तीन तीन बोटं ओढली आणि त्या भाजून शेजारी गेल्या. मग तिनं आपल्या भरल्या. दारात रिक्षा थांबली, लेक हसत आत आली, जावईबापूंना पाणी, चहा, विहीणबाईंची तब्येत, तोंड एकीकडं आणि हात एकीकडं. हातानं सकाळपासून जे केलं होतं तेच एकदा जास्त केलं. तिला कळलंही नाही.

दुसरा घाणा बाहेर आला तेव्हा त्यात एका ताटलीवर तीन बोटं होती. तानाबाईला वाटलं, गडबडीत दानेश्वरीची एक मागंच राहिली. तिनं ती फडक्यात धरली आणि तशीच शेजारी नेली. पाहुणे जेवून उठले होते आणि बसव्वा आता बसत होती.

"घ्या आव्वा, तुमची एक भट्टीतच राहिलती. गरम हाय तवर खावा."

घरी येऊन तिनं पानं वाढली. गुंडू म्हणाला, "अगं, आठ भरलीस न्हवं? मग ह्या सातच कशा?"

तानाबाईनं हाताकडं पाहिलं. तीन बोटांच्या टोकांना पीठ तसंच होतं.

ती पळतच गेली. बसव्वाची ताटली पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ होती.

"ताने, ये की," बसव्वा म्हणाली. "आज कसली झालीया गं! ते सोयाबीन का काय म्हणतीया ही, लुसलुशीत एकदम. जल्मात असलं खाल्लं न्हाय मी."

दानेश्वरी चुलीपाशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, अत्तीनं आज पयल्यांदा चांगलं म्हटलं बघा. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा."

तानाबाईला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यानं त्या पोरीचं तोंड काळवंडलं असतं, म्हातारीनं ओकून जीव दिला असता, शशिधरनं दोन्ही घरांमधला दरवाजा कायमचा लावला असता. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं आणि घरी आली. जावयाबरोबर चार घास खाल्ले.

उद्या कधी आलाच नाही. उलट भलतंच सुरू झालं. बसव्वाला त्या ताटलीची चव लागली होती. दानेश्वरी दर शुक्रवारी सोयाबीनची ताटली करायची आणि बसव्वा एक घास खाऊन बाजूला सारायची. "त्या दिसाची न्हाय." पोर जीव तोडून करायची. कधी तीळ वाढवले, कधी खसखस वाटली, कधी तूप दुप्पट घातलं. "न्हाय गं बाई. एकदा कसं जमलं कुणास ठाऊक." एका दिवसाच्या कौतुकाची किंमत ती पोर पुढं कितीतरी शुक्रवार बोलणी खाऊन देत राहिली आणि तानाबाई ते भिंतीपलीकडनं ऐकत राहिली.

तिनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ती नृसिंहवाडीला गेली, दत्तापुढं कान धरले आणि आज सांगायचंच असं ठरवून परत आली. एसटीतनं उतरून थेट शेजारी गेली. बसव्वाला त्या दिवशी ताप होता म्हणून पूजेला उशीर झाला होता. ती तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसली होती आणि ओठ हलत होते. तानाबाई उंबऱ्यावरनंच मागं फिरली. त्या बाईच्या तोंडावर जाऊन ते बोलायचं धाडस तिच्यात नव्हतं. पुढं तिनं भट्टीचं दार गंजलं म्हणून काढून ठेवलं. गुंडूला सगळं ठाऊक होतं. नवं दार करून देतो असं तो एकदाच म्हणाला आणि बायकोचं तोंड बघून गप्प बसला. दोन्ही घरांच्या ताटल्या बंद झाल्या.

२००३च्या उन्हाळ्यात बसव्वाच्या गळ्यात गाठ निघाली. या वयात काही करण्यासारखं नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग पेजही जाईना. एका दुपारी दानेश्वरी तानाबाईच्या दारात आली. या सहा वर्षांत तिला मूल झालं नव्हतं, त्याबद्दलही तिनं बरंच ऐकून घेतलं होतं. तरीही ती सासूसाठी रडत होती.

"मावशी, चार दिस पाण्याशिवाय काय पोटात न्हाई. आज इचारलं, अत्ती, काय खावंसं वाटतं? तर म्हनली, त्या दिसाची ताटली. तानीला सांग, तिच्याच हातनं आलती ती."

तानाबाई म्हणाली, "भट्टीला दार न्हाय गं."

"दार मी हातानं धरून बसते की. एवढं करा."

दानेश्वरी गेल्यावर गुंडू बोलला. "खिमा आणतो. बारीक करून घाल आन् दे. म्हातारीचा जीव शांत हुईल. कळतंय कुणाला?"

"मला कळतंय की."

"तवा तरी कुणाला कळलं हुतं?"

"तवा चूक झालती, आवं. आता जाणून घातलं तर पाप हुईल."

"मग न्हाय म्हणून सांग."

"मरणाऱ्या माणसाला?"

गुंडूनं कपाळाला हात लावला आणि भट्टीचं दार शोधायला माळ्यावर चढला.

तानाबाईनं मधला रस्ता काढला आणि तोच तिला नडला. दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे डोक्यावरनं आंघोळ केली. भट्टी घासली, आत शेणकूट जाळून ती शुद्ध करून घेतली. ताटली बसव्वाच्या घरची आणली. सोयाबीनचा चुरा दुधात भिजवला, पिळला, तुपात परतला, म्हणजे तो लुसलुशीत व्हावा. मसाला त्या दिवशीचाच, भाजलेला कांदा, खोबरं, तीळ, खसखस, तोच हात आणि तेच माप. सगळं तेच, फक्त ते एक नाही. वर तीन बोटं ओढली. देवा, एवढी गोड मानून घेऊ दे तिला, असं ती भट्टीपुढं बसून म्हणत राहिली.

बसव्वाला उशीला टेकवून बसवलं होतं. अंगावर कातडीच उरली होती, पण नजर तीच होती. दानेश्वरीनं एक घास मोडून तिच्या तोंडात दिला. बसव्वानं तो जिभेवर घोळवला. बराच वेळ घोळवला. ती जीभ अजून मेली नव्हती.

"मसाला त्योच हाय," ती हळू म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "तीळ त्येच. खोबरं त्येच. पारी बी तीच." साठ वर्षं चुलीपुढं बसलेली बाई ती. काय काय आहे हे तिनं एकेक करून बाजूला ठेवलं आणि काय नाही ते शोधत राहिली. तिनं तानाबाईकडं पाहिलं. तानाबाईची मान खाली गेली.

"दानेश्वरी, पाणी आण. कोमट करून आण."

सून आत गेली तशी बसव्वा म्हणाली, "आमच्या आठ ताटल्या. त्या रविवारपास्नं घरात नऊ हायत. नववी कुणाची, मी कधी इचारलं न्हाय. खिमा हुता?"

तानाबाईनं होकाराची मान हलवली.

बसव्वाचा हात छातीवरच्या चांदीच्या डबीकडं गेला आणि डबीला न लागता मधेच थांबला. तो थांबलेला हात तानाबाईनं पाहिला. त्यापेक्षा म्हातारीनं तिच्या मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

"मुद्दाम केलंस?"

"न्हाय वो आव्वा. हात चुकला."

"हात चुकतोय. माजा बी चुकतोय." तिला धाप लागली. "पर तोंडाला काय झालतं तुझ्या? त्याच दिशी बोलली असतीस तर मठात स्वामींकडं गेली असते. तीर्थ घेतलं असतं, पाय धरले असते, मोकळी झाली असते. सहा वर्सं ह्याच तोंडानं पूजा केली मी. सहा वर्सं, ताने."

"आत्ता बोलवूया स्वामींना. मी जाते—"

"आन् शशीला काय सांगू? त्यो तुझ्या दाराकडं पुन्ना बघायचा न्हाय. हिलाबी बघू द्यायचा न्हाय. मी गेल्यावर तुझ्याबिगर कोण हाय हिला?" आतनं भांड्याचा आवाज आला. बसव्वानं डोळे मिटले. "माझं आता हाय तसंच ऱ्हाणार. शिवा, शिवा."

तानाबाईला तिचे पाय धरायचे होते, चुकलं माझं म्हणायचं होतं. तेवढ्यात दानेश्वरी पाणी घेऊन आली आणि आशेनं दोघींकडं बघत उभी राहिली.

"अत्ती, कशी झालीया?"

बसव्वानं डोळे उघडले. "तीच हाय," ती म्हणाली. "त्या दिसाचीच."

आणि तिनं ती ताटली खाल्ली. घास घास करून, प्रत्येक घासाला डोळ्यांतनं पाणी काढत, गाठीवरनं खाली ढकलत तिनं अर्धी ताटली खाल्ली. दानेश्वरी आनंदानं रडत होती. तानाबाई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. आपल्यासाठी ती खातेय, हे तिला कळत होतं. थांबा म्हणायची सोय नव्हती.

त्यानंतर बसव्वानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तानाबाई रोज दारापर्यंत जायची. बसव्वा तिच्याकडं बघायची आणि भिंतीकडं तोंड करायची. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसतं केलं होतं. पाठीला भिंत, गळ्यात फुलं, डाव्या हातात लिंग. गल्लीतल्या बायका एकेक करून येत होत्या, पायावर फूल ठेवून बाजूला होत होत्या. तानाबाई सगळ्यांच्या मागं उंबऱ्याशी उभी होती. दानेश्वरीनं तिला हाताला धरून पुढं आणलं आणि विभूतीची वाटी समोर धरली.

"लावा मावशी."

तानाबाई मागं सरली. "माझा हात नको लागाय."

"असलं काय आमी मानत न्हाई. आन् अत्तीनंच सांगून ठिवलंया. मी गेल्यावर विभूती तानीला लावू दे, म्हनली. तिची तीन बोटं चांगली उठत्यात." दानेश्वरीनं डोळे पुसले. "शेवटी पोटात गेलं ते बी तुमच्याच हातचं. तृप्त होऊन गेली बघा अत्ती."

ही माफी होती की शिक्षा? तानाबाईनं त्या मिटलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. ती पुढं वाकली, तीन बोटं वाटीत बुडवली आणि त्या थंड कपाळावरनं या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. ठसठशीत उमटली.

मग तिचा बांध फुटला. सहा वर्षं न निघालेलं वाक्य आता मोठ्यानं निघालं. "आव्वा, चुकलं माझं! चुकलं वो, पोटात घाला!"

भोवतीच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मेलेल्या माणसापुढं सगळेच तसं म्हणतात. तिच्यामागं उभी असलेली गल्लीतली धोंडुबाई पुढं झाली, पायावर फूल ठेवलं आणि म्हणाली, "आव्वा, चुकलंमाकलं पोटात घाल." तानाबाईला तिनं हलक्या हातानं बाजूला केलं, कारण मागं अजून बायका उभ्या होत्या.